तिसरी पिन

अंबडच्या आमच्या कंपनीत प्लग बनतात.
मी शेवटच्या टेबलावर, तपासणीला.
पिनांवरून बोट फिरवायचं,
कड लागली की लाल खोक्यात.
दिवसाला नऊशे. महिनाअखेरीस हजार.

निनादचे प्रश्न नेमके अंथरुणावर उगवतात.
आई, पेनाच्या टोपणाला भोक कशाला?
गिळलंच एखाद्यानं, तर श्वासाला वाट राहावी म्हणून.
कीबोर्डवर दोनच अक्षरांना पुळी का?
न बघता बोटांना आपलं घर सापडावं म्हणून.
आणि कुलपाच्या बुडाशी ते बारीक छिद्र?
आत शिरलेलं पाणी आतच राहू नये, बाबा. झोप आता.

झोपतो. बटण बंद केल्यासारखा.
माझं बटण कुठे बसवलंय
ते अजून सापडलेलं नाही.

पवननगरात दोन खोल्या आणि रात्री किती डोळे!
टीव्हीचा लाल, इन्व्हर्टरचा पिवळा,
वायफायचा हिरवा तर नुसता पापण्या मारत असतो.
निळा चार्जरचा. तो सगळ्यात आगाऊ,
भिंतभर पसरतो.
एवढ्याशा दिव्यांचं काम एकच,
मी आहे, मी आहे, सांगत राहायचं,
कुणी विचारलेलं नसताना.

कंपनीच्या शिबिरात डॉक्टर सय्यदांनी
बीपीच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं:
चारनंतर चहा नाही.
फोन उशाशी नको, स्वयंपाकघरात झोपवा.
कोमट पाण्यानं पाय धुवा.
उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा.
मी म्हटलं, ती तर नळानं ठरवलीय, पाच दहा.
हेमलता बोरस्ते मागून म्हणाली,
चारचा चहा सोडला तर शिफ्ट काय डॉक्टर संपवणार?
पण डॉक्टर हसले नाहीत.
म्हणाले, डोक्यात उद्याची कामं फिरतात ना,
ती कागदावर काढा. निचरा होऊ द्या.
मला कुलूप आठवलं.

त्या रात्री निफाडकडची थंडी गल्लीत उतरली होती.
पाय धुतले. कागदावर लिहिलं:
गॅस नंबर लावणे. निनादची फी. आईला फोन.
दिगंबरची सेकंड शिफ्ट, यायला साडेबारा होतात,
मी जागी असते, भाजी गरम करायला.
त्या रात्री ताट झाकलं, शेजारी चिठ्ठी:
भाकरी डब्यात आहे.
मग कपाळावरची टिकली काढली,
आरशाला लावायची, ती चार्जरच्या निळ्यावर चिकटवली.
पाकीट काढलं. एक टीव्हीला, एक इन्व्हर्टरला,
वायफायला दोन, तो ऐकेना.
घर सौभाग्यवती झालं आणि अंधार पडला,
खराखुरा, गावाकडे असतो तसा.

पडल्या पडल्या निनादचं उत्तर राहिल्याचं आठवलं.
जाड, लांब, वरची पिन.
आमच्याकडे तिला नुसतं 'अर्थ' म्हणतात.
सगळं ठीक असेल तर तिच्यातून काहीच वाहत नाही.
पण सॉकेटमध्ये ती सगळ्यांआधी शिरते
आणि सगळ्यांच्या नंतर निघते,
कुणाला झटका बसू नये म्हणून.
आठ वर्षं हजारो वेळा बोट फिरवलं तिच्यावरून
आणि ओळख पटली नव्हती.

दिगंबर कधी आला, कळलं नाही.
जाग आली तेव्हा सहाला पाच कमी,
धडपडत मोरीत गेले.
बादल्या भरलेल्या. एक सांडलेली.
फ्रिजच्या हिरव्या दिव्यावर, जो मी विसरले होते,
एक टिकली. तिरकी.
तो घोरत होता, काही विचारलं नाही.

दुपारी पट्ट्यावर एक प्लग आला,
वरची पिन दोन मिलिमीटर आखूड,
बाकीच्या दोघींच्या बरोबरीची.
जरा वेळ हातात धरला.
मग लाल खोक्यात टाकला. नियम तो नियम.
चार वाजले होते.
हेमलता चहा घेऊन आली. मी अर्धाच घेतला.